गोधडीची सुलट बाजू

माझ्या विहीणबाईंनी आजवर एकाही माणसाकडे माणूस म्हणून पाहिलेलं नाही. त्यांना दिसतं ते फक्त त्याच्या अंगावरचं कापड, आणि तेही आजचं नव्हे, तर आणखी काही वर्षांनी धुऊन धुऊन मऊ पडल्यावर जे उरेल ते. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही भूगावहून त्यांच्या गावी, पौडच्या पुढे, पहिल्यांदा गेलो तेव्हा मी माझी ठेवणीतली सुती नारायणपेठी नेसले होते. चहा यायचा होता, पोहे यायचे होते, मुलगा अजून आतून बाहेर यायचा होता. एवढ्यात या बाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या, माझा पदर दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिला आणि म्हणाल्या, "ईनबाई, लई ग्वाड हाय ही. झिरली की मला द्या बरं का." लग्न अजून ठरायचं होतं आणि मी ईनबाई झाले होते. परत येताना गाडीत आमचे हे खुशीत म्हणाले, "पसंत पडलो म्हणायचं आपण त्यांना." मी म्हटलं, "आपण नाही, साडी पसंत पडलीय." तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे ते हसू फार दिवस टिकलं नाही.

विहीणबाईंचं घर म्हणजे शेतकऱ्याचं खटल्याचं घर. जमीन भरपूर, त्यातली काही रस्त्याला लागून, त्यामुळे दारात सतत कुणी ना कुणी बिल्डर चप्पल काढत असतो. एकदा असाच एक जण आला, पांढरा सुती सदरा घालून. तासभर त्याने तिथे उभ्या राहणाऱ्या बंगल्यांची, तरणतलावाची चित्रं दाखवली. विहीणबाई एकटक त्याच्याकडे बघत होत्या, त्यामुळे गडी रंगात आला. शेवटी त्याने विचारलं, "मग काय विचार आहे, आक्का?" त्या म्हणाल्या, "जमीन काय न्हाई द्यायची. पन तुमचा ह्यो सदरा जुना झाला की आनून द्या. बाह्या मऊ हायेत." तो बिचारा पुन्हा आला नाही, सदराही आला नाही, आणि सदरा आला नाही याचं दुःख त्या अजून सांगतात. घरामागच्या खोल्या त्यांनी उरवड्याच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या आहेत. त्यांच्या दोरीवरच्या वाळवणावर यांचं बारीक लक्ष. "ए, वो गमछा झिर गया, हमको देव," हे त्यांचं हिंदी. पोरंही देतात. मग पोरगं खोली सोडून गावाला निघालं की त्याच्या हातात त्याच्याच गमछ्याची, शेजाऱ्याच्या लुंगीची आणि मालकिणीच्या लुगड्याची मिळून झालेली एक गोधडी पडते. बिहारातल्या कुठल्या कुठल्या गावांत आज मुळशीच्या गोधड्या अंथरल्या जात असतील, त्याचा हिशेब कुणालाच नाही.

त्यांच्या गोधडीला पोट असतं. हे मी गमतीने म्हणत नाही, त्या तसं मानतात. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्या आत भाकरीचा एक कोरडा तुकडा सरकवतात, का तर उपाशी गोधडीखाली झोप लागत नाही. लग्नात त्यांनी आम्हाला मानाची गोधडी दिली तिच्यात, आम्ही व्याही म्हणून, भाकरीबरोबर गूळही घातला होता. महिन्याभरात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मुंग्यांची रांग लागली, ती थेट पलंगापर्यंत. मी फोन करून सांगितलं. वाटलं, बाई ओशाळतील. त्या म्हणाल्या, "मुंग्या लागल्या? मंजी घरात बरकत हाय ईनबाई." आणि त्यांचं सगळ्यात मोठं तत्त्व म्हणजे उसवायचं नाही. टाका वाकडा पडो, दोरा गुंतो, एकदा घातला तो घातला. "मानसाचं बोलनं आन् गोधडीचा टाका माघारी घ्यायचा नसतोय," असं त्या सुई दातांत धरून सांगतात. सुई दातांत असल्यामुळे तेही फार अधिकाराने सांगितल्यासारखं वाटतं.

आता खरं सांगायचं तर या बाईंचा मला हेवा वाटतो. वाटायचा असं म्हणणार होते, पण उगाच कशाला. लातूरला बँकेत जन्म काढून, निवृत्त झाल्यावर, लग्नाआधीच इकडे नोकरीला आलेल्या लेकीच्या जवळ राहता यावं म्हणून आम्ही भूगावला फ्लॅट घेतला, आणि लेक जाऊन बसली विहीणबाईंच्या ओसरीवर. माझ्या घरी जिने कधी शर्टाला बटण लावलं नाही ती आयटीतली पोरगी रविवारी सासूच्या शेजारी मांडी घालून गोधडीला दोरे घालते. मला ती 'मम्मी' म्हणते. त्यांना 'आई' म्हणते. हा फरक मी कुणाला बोलून दाखवला नाही, पण मनातल्या मनात मोजत मात्र असते. घरी येऊन 'आईंनी असं केलं, आईंनी तसं केलं' सुरू झालं की माझा तिळपापड होतो आणि तोंडाने मी म्हणते, "हो बाई, त्यांच्या हाताला गुणच आहे." आणि आमचे हे! यांनी आपले जुने पायजमे मला न विचारता परस्पर त्यांना नेऊन दिले. बत्तीस वर्षं ज्या पायजम्यांच्या नाड्या मी ओवल्या त्या पायजम्यांवर आता विहीणबाईंचे पाहुणे झोपतात. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. यांना कारण कळलं नाही, आणि सांगायची मला सोय नव्हती.

लेकीला दिवस गेले तेव्हा मी मनाशी ठरवलं की बाळाची पहिली गोधडी माझी. आजी मीही होतेय. त्यासाठी मी बावधनला एका मॅडमकडे क्विल्टिंगचा क्लास लावला, तलम सुती कापड आणलं, पांढऱ्यावर निळे हत्ती, त्याचे चौकोन कापून नेटके जोडले. ते घेऊन मी मोठ्या डौलाने त्यांच्या गावी गेले. विहीणबाईंनी कापड गालाला लावलं, थुंकी लावून बोटाने चोळलं आणि खाली ठेवलं. "नवं हाय."

मी म्हटलं, "नवंच आहे. बाळाला जुनं कशाला?"

"कवळ्या अंगाला नवं कापड लावत न्हाईत, ईनबाई. टोचतंय. बाळाला जुनंच लागतंय, मानसांनी वापरल्यालं. मी काढून ठिवलीयत, माज्या सासूची दोन लुगडी."

माझ्या हत्तींवर असा टोचण्याचा आळ आलेला पाहून माझे कान तापले. मीही ऐकून घेतलं नाही. जुन्या कापडात काय काय जंतू असतात ते सांगितलं. त्यांनी सांगितलं की या घरातली सगळी माणसं त्याच जंतूंत वाढली आणि आज पोती उचलतात. आमचं चालू असताना लेक पोटावर हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "अगं, मग दोन्ही बाजूंची करा ना! एका बाजूला मम्मीचे हत्ती, दुसऱ्या बाजूला आईंची लुगडी. बाळ दोन्हीकडून वापरेल." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काय कौतुक सुनेचं, लेकीचं असं करत होकार दिला. मनात दोघींच्याही एकच प्रश्न होता की वरची बाजू कुणाची.

पण त्याच्याही आधी आम्ही अडकलो ते टाक्यांवर. गोधडी म्हणजे थरांवर थर, आणि ते धरून ठेवायला तिच्यावर दोरे घालावे लागतात. सुई इकडून घातली की तिकडे निघणारच. त्यामुळे एका बाजूची नक्षी तीच दुसऱ्या बाजूची नक्षी. दोन्हीकडे शोभेल अशी एकच नक्षी ठरवायची होती. मी क्लासमध्ये शिकलेली ढगांची नक्षी काढून दाखवली, हत्तींच्या मधून मधून वळसे घेत जाणारी. विहीणबाईंनी गोधडी उलटी करून आपल्या लुगड्याच्या पट्ट्यांवर ते ढग कसे दिसतील याचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "अळ्या वळवळल्यावानी दिसतंय." मग त्यांनी आपली रीत सांगितली. कडेपासून सुरुवात करायची, चौकोनात चौकोन घालत घालत मध्यापर्यंत जायचं. मी गोधडी सुलटी केली. त्यांची सरळ रेघ माझ्या एका हत्तीच्या सोंडेतून आणि दुसऱ्याच्या गळ्यावरून जात होती. "हत्तीचा गळा कापून बाळाला पांघरायचा?" मी विचारलं. मी 'उलटी' आणि 'सुलटी' म्हटलेलंही त्यांना टोचलं असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, "सुलट ही हाय. तुमी धरलीय ती उलट."

जावयांनी मध्ये पडून लॅपटॉपवर बऱ्याच नक्ष्या शोधल्या, लाटा, पंखे, शिंपले, आणि छापून आणल्या. प्रत्येक कागदावर आमचं एकमत झालं की हे दोघींच्याही बाजूला वाईट दिसेल. आमचं एकमत झालेली तेवढीच गोष्ट. लेक म्हणाली, "तुम्ही दोघी काय ते ठरवा. मला फक्त गोधडी द्या." आम्ही ठरवलं नाही. गोधडीला नुसते कच्चे टाके घातले होते, ती मी घरी आणली आणि निळ्या दोऱ्याने ढग घालायला सुरुवात केली. निम्मे झाल्यावर सभ्यपणा म्हणून जावयांबरोबर गावी पाठवली, पाहा तरी कसं दिसतंय. जावई रोज बावधनला ऑफिसला येतात, आमचं भूगाव वाटेतच. चार दिवसांनी त्यांनी गोधडी परत आणून दिली ती खाली मान घालूनच. विहीणबाईंनी आपल्या बाजूने लाल दोऱ्याने चौकोनात चौकोन घातले होते. माझे सगळे हत्ती गजाआड गेले होते.

मीही सुई उचलली. ढग जरा दाट केले. गोधडी पुन्हा गावी गेली आणि चौकोनांच्या मध्ये आणखी चौकोन घेऊन आली. मी ढगांच्या पोटात ढग घातले. फोनवर आम्ही एकमेकींची तोंडभरून स्तुती करत होतो. "काय बारीक टाका आहे हो तुमचा!" "तुमचं बी ढग लई भरल्यात." दोघीही त्या दिवसांत जेवण विसरून सुई चालवत होतो. मला वाटत होतं की बाळाच्या अंगावर शेवटी माझाच दोरा जास्त असला पाहिजे, मग ते कुणालाही आई म्हणू दे. विहीणबाईंना काय वाटत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्यांचा टाका मला सगळं सांगत होता. तो माझ्या टाक्याला अगदी खेटून पडत होता.

डोहाळजेवणाच्या दिवशी त्यांच्या अंगणात मांडव होता. भूगावच्या माझ्या मैत्रिणी, गावच्या त्यांच्या जावा, सगळ्या जमलेल्या. लेकीला झोपाळ्यावर बसवलं, ओटी भरली आणि मग विहीणबाईंनी गोधडी आणली. घडी घालून आणायचं त्यांच्या मनात होतं, पण गोधडीची घडी होईना. तिला वाकवली की ती परत सरळ व्हायची. शेवटी त्यांनी ती तशीच उभी आणली आणि झोपाळ्याच्या पाठीला टेकवली. ती टेकून उभी राहिली. माझी एक मैत्रीण कौतुकाने म्हणाली, "चटई छान आहे हो. कुठून आणलीत?" आणि विहीणबाईंच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "चटई कुटली? पाट हाय त्यो, वरून कापड चढवल्यालं."

"गोधडी आहे!" मी आणि विहीणबाई एकदमच ओरडलो.

लेक हसायला लागली. हसता हसता तिने पोट धरलं, बायकाही हसल्या, मांडवात नुसता हशा पिकला. मग ती हसायची थांबली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने गोधडीवर हात फिरवला, दोन्ही बाजूंनी. "मला फक्त मऊ पाहिजे होती," ती म्हणाली. "तुमच्या दोघींच्या मध्ये माझं बाळ गुदमरेल गं."

पंगतीची पानं वाढायची होती म्हणून बायका उठल्या. मला जेवण गेलं नाही. विहीणबाईंपेक्षा मला हे जास्त लागलं असणार अशी माझी समजूत होती. हात धुवायला मागच्या पडवीत गेले तर विहीणबाई तिथे गोधडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि ब्लेडच्या टोकाने एकेक लाल टाका कापून ओढत होत्या. या बाई, ज्यांनी जन्मात एक टाका उसवला नाही! मला पाहून त्या म्हणाल्या, "तुमचं ढग ऱ्हाऊ द्या, ईनबाई. मी माजं काढती."

कुणाही भल्या बाईचं मन अशा वेळी भरून आलं असतं. माझं आलं नाही. मला इतका हेवा वाटला की सांगता येत नाही. म्हणजे मोठेपणातही यांचाच पहिला नंबर! उद्या लेक म्हणणार, आईंनी बाळासाठी आपले टाके काढले. मी तरातरा आत गेले, कात्री घेऊन आले आणि त्यांच्यासमोर बसून माझे ढग कापायला लागले. "तुमी कशाला?" त्या म्हणाल्या. "माझे जास्त दाट आहेत," मी म्हटलं. "व्हय, पर माजं आडवं-उभं हायेत, त्येच ताठ करत्यात." आता भांडण सुरू झालं ते कुणाच्या टाक्यांनी गोधडी जास्त बिघडली यावर. त्या एक ओळ काढायच्या, मी दोन ढग उडवायचे. लाल आणि निळ्या दोऱ्यांचा गुंता आमच्या पायांशी साठत गेला. मध्येच लेक भांडी ठेवायला आली, आम्हाला बघून दारातच थबकली आणि म्हणाली, "अगं थांबा, सगळे काढाल तर थर सुटतील!" तेव्हा कुठे आम्ही हात आवरले.

जे उरलं त्याला नक्षी म्हणायची काही सोय नव्हती. एका कोपऱ्यात दीड ढग, मध्ये एक अर्धवट चौकोन, कुठे एक निळी लकेर तर कुठे एक लाल. कापडावर काढलेल्या टाक्यांची भोकं दिसत होती. क्लासच्या मॅडमना मी तिचा फोटो दाखवला नाही आणि विहीणबाईंनीही ती जावांना पुन्हा दाखवली नाही. पण ती मऊ झाली. इतकी सुई आत-बाहेर होऊन नवं कापडही जुन्यासारखं पडलं होतं. मी आतून चाचपून पाहिलं, भाकरीचा तुकडा एका कोपऱ्यात होता. विहीणबाई म्हणाल्या, "गूळ न्हाई घातला. तुमच्याकडं मुंग्या व्हत्यात."

नात झाली. वरची बाजू कुणाची हा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी सोडवला. हत्तींवर ठेवलं की ती हत्ती ओले करायची, मग उलटी करून लुगड्यावर ठेवलं की लुगडं. दोन्ही आज्यांना तिने सारखंच धुणं दिलं. सव्वा महिना ती माझ्याकडे होती. विहीणबाई रोज एसटीने यायच्या, डिंकाचे लाडू आणायच्या, तिला न्हाऊ घालायच्या. त्यांच्या हातात ती रडत नसे. माझ्या हातात रडायची. मी म्हणायचे, "हो बाई, तुमच्या हाताला गुणच आहे."

आता लेक-जावई हैदराबादला असतात. मोठी नोकरी, मोठा फ्लॅट, नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. गोधडी अर्थात तिकडेच गेली. मी हल्ली अधूनमधून विहीणबाईंच्या गावी जाते, कारण एकटीने फोन बघण्यापेक्षा दोघींनी बघितला की नात जास्त वेळ दिसल्यासारखी वाटते. परवा असाच व्हिडिओ कॉल लावला. लेक मीटिंगमध्ये होती, तिने बाळ सांभाळायला ठेवलेल्या बाईच्या समोर फोन टेकवून दिला. ती बाई गोधडीची घडी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्यावर आमची नात पालथी झोपत होती. बाई तिच्या पाठीवर हलके हलके थापटत होती. कुठली बाजू वर होती ते दिसत नव्हतं. आम्ही विचारलंही नाही. पोरीने झोपेत चाचपडत त्या बाईचं बोट मुठीत धरलं आणि शांत झाली.

विहीणबाईंनी पदराने फोनची काच पुसली. मग म्हणाल्या, "चांगला हाय हात तिचा. गुन हाय हाताला."

तो आवाज मी ओळखला. इतकी वर्षं तो माझाच होता. मी त्यांच्याजवळ सरकले आणि फोन दोघींच्या मध्ये नीट धरला.